मालकेव्हियन डेक नेमका कुठे फसतो: बांधणीपासून शेवटच्या दोघांपर्यंत सगळा क्रम

मुंबईत व्हॅम्पायर: द इटर्नल स्ट्रगल, म्हणजे व्हीटीईएस, या कार्डांच्या खेळाच्या टेबलावर नवीन माणूस आला की तो हमखास मालकेव्हियन या व्हॅम्पायर क्लॅनचा (घराण्याचा) डेक उचलतो. कुणीतरी सांगितलेलं असतं की सोपी क्लॅन आहे रे, लपायचं आणि ब्लीड मारायचा (म्हणजे समोरच्याचा पूल कमी करायचा), झालं. आणि तासाभरात तोच माणूस सगळ्यांसाठी वडापाव आणायला खाली गेलेला असतो कारण तो आऊट झालाय आणि बाकीचे चौघं अजून खेळतायत. क्लॅन सोपी आहे हे खरंय, कार्डंही चांगली आहेत, पण चुकीचं कार्ड चुकीच्या वेळी टाकलं की ही क्लॅन दुसऱ्यालाच जिंकून देते. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय.

नियम माहीत आहेत असं धरतो. प्रत्येकाचा पूल (तो संपला की आऊट) ३०, डावीकडचा आपला प्रे (ज्याला आपण संपवायचं तो), उजवीकडचा आपला प्रिडेटर (जो आपल्याला संपवायला बघतो), प्रे आऊट झाला की १ व्हीपी (विजयाचा गुण) आणि ६ पूल. एवढं येत असेल तर पुढे वाचा.

१. आधी क्रिप्ट, लायब्ररी नंतर

बहुतेक जण उलटं करतात. भारी भारी कार्डं गोळा करतात आणि मग त्यांना चालतील असे व्हॅम्पायर शोधत बसतात. तसं करू नका.

क्रिप्टमध्ये, म्हणजे व्हॅम्पायरच्या डेकमध्ये, कमीत कमी १२ कार्डं लागतात, आणि ग्रुप (कार्डावरचा गट क्रमांक) एकच किंवा लागून असलेले दोन हवेत. सुरुवातीला त्यातली ४ समोर येतात. आता ज्या व्हॅम्पायरवर डेक उभा आहे तो त्या चारात यायलाच हवा, आणि हे नशिबावर सोडायची गरज नाही, साधं गणित आहे. १२ मध्ये त्याच्या २ प्रती ठेवल्या तर तो यायची शक्यता ५८ टक्क्यांच्या आसपास, ३ ठेवल्या तर ७५, ४ ठेवल्या तर ८६. तरीपण लोक "व्हरायटी पाहिजे" म्हणून बारा वेगवेगळे चेहरे घालतात आणि मग ४ ट्रान्सफर (एरवी ज्यांनी पूल व्हॅम्पायरवर ब्लड म्हणून हलवतो) आणि १ पूल घालवून नवीन क्रिप्ट कार्ड ओढतात, म्हणजे अख्खी टर्न गेली.

मुख्य व्हॅम्पायर ७-८ कपॅसिटीचा (म्हणजे बाहेर आणायला तेवढं ब्लड लागणारा) घ्या आणि त्याला डॉमिनेट आणि ऑब्फस्केट या दोन्ही शक्ती सुपिरियर, म्हणजे वरच्या पातळीच्या, हव्यात. त्याच्याखाली ४ ते ६ कपॅसिटीचे छोटे. हे असं का, तर गव्हर्न द अनअलाइन्ड या कार्डासाठी. साध्या डॉमिनेटवर ते +२ ब्लीड देतं, पण सुपिरियरवर त्याचा दुसरा वापर आहे, अनकंट्रोल्ड भागातल्या (अजून खेळात न आलेल्या) आपल्यापेक्षा लहान व्हॅम्पायरवर बँकेतून ३ ब्लड टाकता येतं. म्हणजे ३ पूल वाचले आणि पोरगं लवकर मैदानात आलं. "लहान" म्हणजे कमी कपॅसिटीचा. सगळे एकाच कपॅसिटीचे घेतले की हा वापर बंद.

तपासा: मुख्य व्हॅम्पायरच्या निदान ४ प्रती आहेत का? बाकीच्यांची कपॅसिटी त्याच्यापेक्षा कमी आहे का? सगळ्यांना किमान साधं डॉमिनेट आहे का?

आपल्याकडे आणखी एक भानगड होते. फिफ्थ एडिशनचे २०२० साली जे पाच तयार डेक आले त्यात मालकेव्हियनचा एक होता, आणि इथे दोघातिघांनी तोच घेतलेला असतो. व्हॅम्पायर युनिक असतात, त्यामुळे एकाच टेबलावर तोच चेहरा दोघांकडे उघडला की कॉन्टेस्ट. दोघांचंही कार्ड खेळाबाहेर, आणि ते सोडायचं नसेल तर दर टर्नला १ पूल भरत बसा. तेव्हा बसण्याआधी सरळ विचारा, "अजून कोण मालकेव्हियन खेळतोय?" त्यात लाजायचं काही नाही.

२. लायब्ररी: ब्लीड कमी, बचाव जास्त

लायब्ररी, म्हणजे व्हॅम्पायर सोडून बाकीच्या कार्डांचा डेक, ६० ते ९० कार्डांची. मी ८० च्या आसपास सांगेन. एका कार्डाच्या कितीही प्रती चालतात, चारची वगैरे मर्यादा नाही, त्यामुळे प्रमाण पूर्ण आपल्या हातात आहे. माझ्या मते साधारण असं:

- मास्टर १४-१५ (ब्लड डॉल, व्हिलेन असली पूल परत आणणारी निम्मी तरी)
- गव्हर्नसारख्या ब्लीडच्या ॲक्शन १२
- कंडिशनिंगसारखे ब्लीड वाढवणारे मॉडिफायर (ॲक्शन चालू असताना टाकायची कार्डं) ८-१०
- स्टेल्थ (ब्लॉक चुकवणारी) १६-१८
- बाऊन्स (आपल्यावर आलेला ब्लीड दुसऱ्याकडे ढकलणारी), म्हणजे डिफ्लेक्शन, टेलिपॅथिक मिसडायरेक्शन, १०-१२
- वेक (लॉक झालेल्या, म्हणजे ॲक्शन करून बसलेल्या, व्हॅम्पायरला रिॲक्शन देऊ देणारी), म्हणजे ऑन द की वीव्ह किंवा वेक विथ इव्हनिंग्ज फ्रेशनेस, ८-१०
- उरलेल्या जागेत दोन-तीन टेलिपॅथिक काउंटर आणि तुम्हाला जे आवडतं ते

बाऊन्स आणि वेक मिळून वीस कार्डं बघून लोक तोंड वाकडं करतात, "एवढा बचाव कशाला?" तर मालकेव्हियनला मारामारी येत नाही. ब्रूहा किंवा नॉसफेराटू उजवीकडे बसला तर फाइटमध्ये आपलं काही चालणार नाही, आणि ब्लीडवाला बसला तर दर टर्नला पाच-सहा पूल जातील. बाऊन्स हाच आपला बचाव, आणि उजवीकडून आलेला ब्लीड डावीकडे ढकलला की तोच आपला हल्लापण. दोन कामं एका कार्डात.

आता दोन नियम जे सगळ्यात जास्त चुकतात.

पहिला, ब्लीड वाढवणारं मॉडिफायर एका ॲक्शनमध्ये एकच. व्हॅम्पायरचा मूळ ब्लीड १, गव्हर्नचे २, सुपिरियर कंडिशनिंगचे ३, झाले ६. त्यावर दुसरं मॉडिफायर टाकून ८ करता येत नाही. म्हणून असली पंधरा कार्डं घालणं म्हणजे हातात दगड भरून ठेवणं.

दुसरा, एकाच नावाचं मॉडिफायर तोच मिनियन (खेळात आलेला आपला व्हॅम्पायर) एका ॲक्शनमध्ये दोनदा टाकू शकत नाही. म्हणजे स्टेल्थ म्हणून नुसते लॉस्ट इन क्राउड्स भरले आणि समोरच्याने इंटरसेप्ट (ब्लॉक करायची ताकद) ३ वर नेला की संपलं, हातात तीन असले तरी एकच चालणार. तीन-चार वेगळ्या नावांची स्टेल्थ कार्डं ठेवा.

सावधान: आर्कन इन्व्हेस्टिगेशन नावाचं मास्टर कार्ड आहे, ते आपल्या टर्नमध्ये समोरचा टाकू शकतो. ३ पेक्षा जास्त ब्लीड मारणारा व्हॅम्पायर त्याने सरळ जाळता येतो. टॉर्पर (बेशुद्ध अवस्था) वगैरे नाही, थेट राख. प्रत्येक ब्लीड सहाचा मारायची सवय असेल तर एक दिवस तुमचा आठ कपॅसिटीचा म्होरक्या असाच जाणार. ३ चा ब्लीड त्याच्या टप्प्यातच येत नाही हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

३. टेबलावर बसण्याआधी

हे पटकन. कार्डं स्लीव्हमध्ये घाला, जून ते सप्टेंबर मुंबईच्या हवेत उघडी कार्डं वाकतात आणि वाकलेलं कार्ड डेकमध्ये लांबून ओळखू येतं. पूल आणि ब्लडसाठी खूप टोकन लागतात, भुलेश्वरला काचेचे मणी किलोवर मिळतात, दोन रंगांचे घ्या, पूल एका रंगाचा आणि ब्लड दुसऱ्या. एकाच रंगाचे वापरले की तासाभराने कुठला ढीग कशाचा यावर वाद होतो. स्पर्धेत टेबलाला दोन तास असतात. घरगुती खेळातही घड्याळ लावा, नाहीतर कर्जतवाल्याला शेवटची लोकल धावत पकडावी लागते आणि खेळ अर्धवट राहतो.

४. पहिल्या तीन टर्न

पहिल्या टर्नला पहिल्या खेळाडूला १ ट्रान्सफर, दुसऱ्याला २, तिसऱ्याला ३, चौथ्यापासून पुढे ४. नंतर सगळ्यांना चार-चार. म्हणजे एकूण ट्रान्सफर असे जमतात: पहिल्या सीटला १, ५, ९, दुसऱ्याला २, ६, १०, तिसऱ्याला ३, ७, ११, चौथ्या-पाचव्याला ४, ८, १२.

आता यावरून ठरवा की कुणाला आधी आणायचं. चौथ्या-पाचव्या सीटवर आठवाला दुसऱ्याच टर्नला बाहेर येतो, मग थेट त्यालाच आणा. पहिल्या सीटवर तोच तिसऱ्या टर्नला येतो, तोवर टेबलावर तुमचा एकही मिनियन नाही, ब्लॉक नाही, बाऊन्स नाही. अशा वेळी आधी ४-५ वाला छोटा दुसऱ्या टर्नला आणा आणि मोठा त्याच्या मागून. लोक सीट न बघता दरवेळी एकच क्रम चालवतात.

मोठा बाहेर आला की त्याची पहिली ॲक्शन ब्लीड नाही. इथे भले भले घसरतात. समोरच्याचा पूल पंचवीस आहे, त्यातून तीन काढून काय होणारे? पहिली ॲक्शन सुपिरियर गव्हर्न, छोट्यावर ३ ब्लड. शक्य असेल तर पुढच्या टर्नलाही तेच.

तपासा: तीन व्हॅम्पायर आल्यावर तुमचा पूल किती? बाराच्या खाली गेला असेल तर चौथा आणू नका. आधी व्हिलेन टाकून मोठ्याचं ब्लड पूलमध्ये घ्या, ५ पर्यंत घेता येतं. पण त्याला पार कोरडा करू नका, डिफ्लेक्शनला १ ब्लड लागतं, आणि ब्लड शून्य झालं की पुढच्या टर्नला त्याला हंटच (ब्लड मिळवायची ॲक्शन) करावी लागते.

५. ब्लीड मारण्याआधी डावीकडे बघा

स्टेल्थ आहे म्हणजे ब्लीड पोचणारच, हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. स्टेल्थ फक्त ब्लॉकपासून वाचवतो. बाऊन्स ब्लॉक संपल्यावर येतो, तिथे तुमच्या पाच स्टेल्थला काही किंमत नाही.

उदाहरण घ्या. तुमच्या प्रेचा पूल ११, त्याच्या प्रेचा ५. तुम्ही जोशात ६ चा ब्लीड मारला. प्रे व्हेंट्रू खेळतोय, म्हणजे डॉमिनेट आहे. तो शांतपणे डिफ्लेक्शन टाकतो आणि ब्लीड त्याच्या डावीकडे ढकलतो. पाचवाला आऊट. व्हीपी कुणाला? तुम्हाला नाही, आऊट झालेल्याच्या प्रिडेटरला, म्हणजे तुमच्या प्रेला. शिवाय त्याला ६ पूल, ११ चे झाले १७. तुमची दोन चांगली कार्डं गेली, व्हॅम्पायर लॉक झाला, आणि ज्याला मारायचं होतं तो आधीपेक्षा तगडा झाला. वर टेबलावर सगळे हसणार ते वेगळंच.

म्हणून ब्लीडआधी तीन गोष्टी बघायच्या:

प्रेकडे डॉमिनेट किंवा सुपिरियर ऑस्पेक्स असलेला कोण आहे? व्हेंट्रू, ट्रेमेरे, टोरिएडॉर, दुसरा मालकेव्हियन असेल तर बाऊन्स आहे असंच धरून चाला. ब्रूहा किंवा गँग्रेल असेल तर शक्यता बरीच कमी.

त्याचे किती मिनियन अनलॉक आहेत? त्याच्या टर्नमध्ये ज्यांनी ॲक्शन केली ते लॉक असतात आणि वेक असल्याशिवाय त्यांना रिॲक्शन देता येत नाही.

त्याच्या प्रेचा पूल किती? तो सहा किंवा त्याच्या खाली असेल तर या टर्नला मोठा ब्लीड बंद. पूर्ण बंद.

६. एका टर्नमधला क्रम

या लेखातून एकच भाग वाचणार असाल तर हा वाचा.

समजा तीन व्हॅम्पायर तयार आहेत, दोन छोटे आणि एक मोठा. बहुतेक लोक मोठ्यापासून सुरू करतात. उलटं करा.

आधी मास्टर फेज, पूल परत आणणारं जे असेल ते. मग पहिल्या छोट्याची साधी ॲक्शन, उदाहरणार्थ हंट. याला आधीच +१ स्टेल्थ असतो आणि प्रे, प्रिडेटर दोघांनाही ब्लॉक करता येतो. ब्लॉक नाही केला तर १ ब्लड आलं. केला तर ब्लॉक करणारा लॉक झाला आणि त्याने इंटरसेप्टचं कार्ड खर्च केलं. दोन्हीकडून फायदा. पण प्रे पोटेन्सवाला हाणामारी डेक असेल तर ही युक्ती विसरा, छोटा थेट टॉर्परमध्ये जाईल आणि बाहेर काढायला २ ब्लड लागेल.

मग मोठ्याचा ३ चा ब्लीड, नुसतं गव्हर्न, कंडिशनिंग नाही. किंवा दुसऱ्या छोट्याचा, ज्याच्याकडे साधं डॉमिनेट आहे. हा चाचणीचा ब्लीड. प्रेला आता ठरवावं लागतं की ३ पूल द्यायचे की बाऊन्स घालवायचा. साध्या डॉमिनेटवर डिफ्लेक्शन टाकलं की त्याचा व्हॅम्पायर लॉक होतो, सुपिरियरवर लॉक होत नाही, हेही बघून ठेवा. त्याने बाऊन्स घालवला तर शेवटच्या व्हॅम्पायरने पूर्ण ताकदीने मारा. नाही घालवला तर ३ पूल गेलेच, आणि पुढचा ब्लीड मोठा मारायचा की नाही हा निर्णय आता जास्त माहितीवर होतो.

आणि तिसऱ्याला ॲक्शन करायला लावायलाच हवी असं काही नाही. हातात वेक नसेल तर एक जण अनलॉक ठेवून टर्न संपवा. सगळे लॉक, हातात वेक नाही, आणि उजवीकडे ब्लीडवाला प्रिडेटर, हे दर रविवारी दिसतं.

सावधान: एका मिनियनला एका टर्नमध्ये एकच ब्लीड. कुठल्या कार्डाने तो परत अनलॉक झाला तरी दुसरा ब्लीड नाही.

७. स्टेल्थ आणि कंडिशनिंग: कधी टाकायचं

स्टेल्थ आधी टाकता येत नाही, गरज पडल्यावरच. ॲक्शन जाहीर करा, थांबा, ब्लॉक करतो म्हणू द्या, मग त्याचा इंटरसेप्ट तुमच्या स्टेल्थइतका किंवा जास्त असेल तरच एक कार्ड. बरोबरी झाली तरी ब्लॉक लागतो. ब्लीडचा मूळ स्टेल्थ शून्य आणि त्याचा मूळ इंटरसेप्टही शून्य, म्हणजे साध्या ब्लॉकलाही एक कार्ड जाणार.

कंडिशनिंगचा घोळ वेगळा आहे. लोक म्हणतात, "मी थांबतो, तो बाऊन्स टाकतोय का बघतो, नाही टाकला तर कंडिशनिंग." असं होत नाही. कार्ड टाकायची पहिली संधी ॲक्शन करणाऱ्याची. तुम्ही "काही नाही" म्हणालात आणि समोरचाही "काही नाही" म्हणाला की ॲक्शन तिथेच पूर्ण झाली, ३ चा ब्लीड, कंडिशनिंग हातातच. त्याने काहीतरी टाकलं तरच संधी परत तुमच्याकडे येते. तेव्हा ब्लॉक नाही म्हणाला की लगेच ठरवायचं, टाकायचं किंवा तीनवर समाधान मानायचं. मात्र पास केल्यावर त्याने बाऊन्स टाकला आणि ब्लीड भलत्याकडे गेला तर कंडिशनिंग वाचलं याचा आनंद माना, तिथे ओतू नका.

आणि रमीसारखा हात जुळवत बसू नका. इथे कार्ड टाकलं की लगेच नवीन येतं, हात कायम सातचा. हातात चार कंडिशनिंग अडकली असतील तर एक चाचणीच्या ब्लीडवर टाकून मोकळे व्हा, एक डिस्कार्ड फेजला टाका. अडकलेला हात म्हणजे न येणारे बाऊन्स.

८. बाऊन्स कुठे वापरायचा

उजवीकडून १ चा ब्लीड आला तर घ्या. मुकाट घ्या. २ आला तरी शक्यतो घ्या, पूल बारीक असेल तरच विचार करा. ३ किंवा जास्त आला की बाऊन्स. यात एक अपवाद, डावीकडच्याचा पूल १-२ उरला असेल तर उजवीकडून आलेला एकाचा ब्लीडसुद्धा ढकला, प्रे आऊट झाला की व्हीपी तुमचाच, ब्लीड कुणाचाही असो.

प्रिडेटरला हे कळतं, मग तो मोठे ब्लीड मारायचं थांबवतो. उत्तम. नुसतं बाऊन्स असल्याच्या भीतीने त्याने तीन टर्न शांत बसणं हे दोन बाऊन्सच्या बरोबरीचं आहे. म्हणून हातात काय आहे ते टेबलावर बोलू नका. आपल्याकडे गप्पांच्या ओघात "माझ्याकडे आत्ता काही नाहीये रे" असं बोलून जायची फार सवय.

९. पहिला व्हीपी मिळाल्यावर

टेबलाची नजर आता तुमच्याकडे. नवीन प्रे ताजा आहे, तुमचं ब्लड संपत आलंय. इथे लोक त्याच वेगात पुढे जातात आणि दोन टर्नमध्ये मागून मार खातात. मिळालेल्या ६ पूलमधून छोटा व्हॅम्पायर आणायचा असेल तर आणा, एक टर्न हंट आणि मास्टरसाठी द्या, नवीन डावीकडच्याची क्लॅन बघून पाचवा टप्पा पुन्हा सुरू करा. लायब्ररीत किती कार्डं उरली तेही मोजा, ही क्लॅन कार्डं पटापट खाते.

स्पर्धेत वेळ संपली तर उरलेल्या प्रत्येकाला अर्धा व्हीपी, पण गेम विन हवा असेल तर किमान २ व्हीपी लागतात आणि इतर कुणाहीपेक्षा जास्त. म्हणजे एकावर बसून घड्याळाकडे बघणं कामाचं नाही.

१०. शेवटचे दोघे

दोघंच उरले की समोरचाच प्रे आणि समोरचाच प्रिडेटर. बाऊन्स करताना ब्लीड मारणाऱ्याकडे परत ढकलता येत नाही, आणि तिसरा कुणी नाहीये. म्हणजे दोघांचेही सगळे बाऊन्स मेले. तुमच्या हातातले पण.

हे तीन जण उरलेले असतानाच ध्यानात घ्या. तिसरा आऊट व्हायच्या बेतात असेल तर डिस्कार्डला बाऊन्स टाकायला लागा आणि हात गव्हर्न, कंडिशनिंग, स्टेल्थने भरू द्या. टेलिपॅथिक काउंटर मात्र ठेवा, ते ब्लीड कमी करतं, ढकलत नाही, त्यामुळे इथेही चालतं. आता समोरच्याकडे फक्त ब्लॉक उरलाय आणि स्टेल्थमध्ये तुम्ही त्याच्या पुढे आहात, तेव्हा आत्तापर्यंत जे नको म्हटलं ते करा. दर टर्नला सहाचा ब्लीड मारा, आर्कन इन्व्हेस्टिगेशन आलंच तर एक व्हॅम्पायर जाईल, पण तोवर समोरच्याचा पूल पाच-सहावर आलेला असेल तर उरलेल्या दोघांचे तीन-तीनचे ब्लीड पुरतात.